धाकटीस कळावे

आईचं वय चौऱ्याऐंशी, माझं एकसष्ट, आणि मला एक मामा होता ही गोष्ट मला मोतीबिंदूच्या दवाखान्यातून परत येताना बसमध्ये कळली.

दवाखान्यात नर्स फॉर्म भरून घेत होती. रक्तदाब, साखर, दात खरे की खोटे, सगळं विचारून झालं. "सख्ख्या भावंडांत कोणाला हृदयाचा त्रास?" तिने विचारलं. "भावंडं नाहीत," आई म्हणाली. शेजारी बसून मीही मान डोलावली. आई एकुलती एक हे मला आमच्या पत्त्याइतकं पाठ होतं. शाळेत मुली आपापल्या मामांच्या बढाया मारायच्या तेव्हा मी मुकाट्याने डबा खायचे. आणि त्या दिवशी तीन थांबे गेल्यावर खिडकीबाहेर बघत आई म्हणाली, "मघाशी मी खोटं बोलले. एक भाऊ होता मला."

माझा राग नाकावर असतो. "आणि हे तू मला आत्ता सांगतेस?" मी एवढ्या मोठ्याने म्हणाले की ड्रायव्हरने आरशातून मागे पाहिलं.

"तू कधी विचारलं नाहीस."

"जो नाहीच म्हणून सांगितलंस त्याच्याबद्दल काय विचारणार होते मी?"

यावर आईने पिशवीतून चष्म्याचं घर काढलं, उघडलं, मिटलं आणि परत ठेवलं. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी उरलेले चार थांबे गप्प बसले, आणि मला गप्प बसवणं हे काही येऱ्यागबाळ्याचं काम नाही.

घरी आल्यावर हळूहळू सगळं बाहेर आलं. माझ्या आजोबांचं, म्हणजे आईच्या अप्पांचं, फोटो आणि तसबिरी मढवून द्यायचं दुकान होतं. मोठ्या शहरात, घड्याळाच्या मनोऱ्यासमोर. खाली दुकान, वर दोन खोल्या. आईची आई लवकर गेलेली. दुकानात अप्पा, आईचा सात वर्षांनी मोठा दादा, आणि शाळा सुटली की आई. दादा लाकडात हुशार होता, पण उतावळा. एकदा एका घरातल्या सगळ्या मंडळींचा फोटो मढवायला आला. तयार फ्रेमपेक्षा फोटो दोन बोटं रुंद. नवी फ्रेम कापायला बसण्याऐवजी दादाने सरळ फोटोच कापला. टोकाला उभा असलेला एक माणूस गेला.

"फ्रेमवाल्याने फोटोला कात्री लावायची?" हे सांगताना बहात्तर वर्षांनंतरही आईचा आवाज चढला. "फोटोच्या मापाने फ्रेम, फ्रेमच्या मापाने फोटो नाही. हे मला सातव्या वर्षी कळत होतं." गिऱ्हाईक आलं, त्याने फोटोतली माणसं मोजली, परत मोजली. अप्पांनी चार माणसांदेखत दादाच्या कानाखाली वाजवली. दादा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. त्याने हातातली पट्टी टेबलावर ठेवली, दुकानाच्या पायऱ्या उतरला आणि गेला. अप्पांनी फर्मान काढलं, या घरात त्याचं नाव काढायचं नाही. पुढच्याच वर्षी रस्ता रुंद करायचा म्हणून ती अख्खी ओळ पाडली गेली आणि अप्पा आईला घेऊन दुसऱ्या गावी आले. तिथे नवं दुकान, नवे शेजारी. कोणी विचारलं तर अप्पा सांगायचे, ही एकच. मग आईही तेच सांगायला लागली. सांगता सांगता जिभेला सवय झाली.

"तो माझा फार लाडका होता गं," आई म्हणाली. "उरलेल्या काचेच्या तुकड्यांतून मला छोट्या छोट्या फ्रेमा करून द्यायचा. धाकटी, धाकटी म्हणून हाक मारायचा. आणि गेला तो गेलाच. दोन ओळींचं पत्र नाही."

मग तिने मला काम सांगितलं. "तुमच्या त्या ग्रंथालयात म्हणे आता जुनं सगळं सापडतं. तो जिवंत आहे का, कुठे आहे, ते मला नको सांगूस. एवढंच बघ, त्याने कधी माझी चौकशी केली का. एकदा तरी. नसेल केली तर तसं सांग, म्हणजे मी रागवायला मोकळी."

ऑपरेशनला दहा दिवस होते. मला आईची घाई कळली आणि भीतीही कळली. भूल देणार म्हटल्यावर हिला आधी ते एक उत्तर हवं होतं.

मी तीस वर्षं इस्पितळात एक्स-रे काढले. कॉम्प्युटर मला नवा नाही, तेव्हा मी जरा ऐटीतच ग्रंथालयाच्या पहिल्या मजल्यावर गेले. कुटुंबांच्या इतिहासाचा विभाग तिथे आहे. लांबच लांब टेबलं, सहा कॉम्प्युटर, भिंतीला लागून नकाशांचे सपाट खण, आणि एक ग्रंथपाल बाई, ज्यांचा स्वेटर बारा महिने खुर्चीच्या पाठीवर असतो. शेजारच्या कॉम्प्युटरवर एक गृहस्थ बसायचे. त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत मला सांगितलं की ते आपल्या घराण्याच्या अकराव्या पिढीपर्यंत पोचले आहेत. "तुम्ही कितव्या पिढीवर?" त्यांनी विचारलं. "अजून मामावरच आहे," मी म्हटलं. त्या दिवसापासून मी त्यांना मनातल्या मनात अकरावी पिढी म्हणते.

बाईंनी मला डेटाबेस उघडून दिला. शंभर-सव्वाशे वर्षांची वर्तमानपत्रं, पान न् पान फोटो काढून आत भरलेलं. वर एक रिकामी चौकट, त्यात शब्द टाकायचा की तो शब्द जिथे जिथे छापला गेला असेल ती पानं समोर येतात, शब्दावर पिवळा रंग लावून. मी मामाचं नाव टाकलं. सहा हजार चारशे पानं आली. पहिल्या दिवशी मला पाच मामा सापडले. एक कुस्ती जिंकलेला, एक निवडणूक हरलेला, एक सायकल चोरताना पकडला गेलेला, एकाने बेचाळीस किलोचा भोपळा पिकवलेला, आणि एक माझ्या आईच्या जन्माआधीच वारलेला. घरी आल्यावर आईने नुसती भुवई वर केली. मी म्हटलं, "भोपळा चालेल का?"

दुसरा दिवस, तिसरा दिवस तसाच. वर्षं बदलून पाहिली, आडनाव पुढे-मागे करून पाहिलं. जुन्या पानांवरची पुसट शाई मशीनला धड वाचता येत नाही, त्यामुळे नको ते येतं आणि हवं ते राहतं. चौथ्या दिवशी मी कीबोर्ड जरा जोरात ढकलला. अकराव्या पिढीने दचकून माझ्याकडे पाहिलं.

ग्रंथपाल बाई शेजारी येऊन बसल्या. "ताई, तुमच्या मामांना काय माहीत होतं?"

"म्हणजे?"

"तुम्ही तुमच्या बाजूने शोधताय. तुम्हाला त्यांचं नाव माहीत आहे म्हणून नाव टाकताय. पण त्यांनी घरच्यांना शोधलं असेल तर ते कसं शोधतील? त्यांच्याजवळ काय होतं?"

मी विचार केला. "दुकान. म्हणजे दुकानाची जागा."

"मग जागा टाका. आणि फक्त छोट्या जाहिराती निवडा."

मी टाकलं: मनोरा, फ्रेम, दुकान. आईच्या बाराव्या वर्षापासून पुढे. एकोणीस पानं आली. सात बिनकामाची होती. आठवं उघडलं आणि बारीक अक्षरांच्या रकान्यात, हरवलेली छत्री आणि विकणे असलेलं शिवणयंत्र यांच्या मधोमध, चार ओळी होत्या.

"मनोऱ्यासमोरील फ्रेमचे दुकान कोठे हलवले ते माहीत असणाऱ्याने कळवावे. जुन्या जागी रस्ता आहे. धाकटीस कळावे की दादा सुखरूप आहे."

खाली नाव, आणि दुसऱ्या एका शहरातल्या लाकडाच्या वखारीचा पत्ता.

मी तोंडावर हात धरला. ग्रंथालयात रडायची पद्धत नाही, पण बाईंनी कागदी रुमालांचा डबा माझ्याकडे सरकवला. त्यांच्या टेबलावर तो कायम असतो. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, बाईंना सर्दी असेल.

अशा बारा जाहिराती निघाल्या. दरवर्षी एक, दरवर्षी त्याच महिन्यात, आणि तो महिना आईच्या वाढदिवसाचा. शब्द थोडे इकडेतिकडे. एका वर्षी "धाकटी आता अठरा वर्षांची असेल." एका वर्षी "झाल्या गोष्टीचा राग माझ्या मनात नाही, अप्पांच्या मनात असल्यास माफी मागतो." बाराव्या जाहिरातीनंतर एकही नाही. पुढची पाच वर्षं मी पान पान पाहिली.

"बारावी जाहिरात आली त्या वर्षी तुमच्याकडे काही घडलं होतं का?" बाईंनी विचारलं.

"आजोबा वारले. मी तीन वर्षांची होते."

बाईंनी स्वतःच शब्द टाकले. तेच वर्तमानपत्र, बाराव्या जाहिरातीनंतर सात महिने. काळ्या चौकटीत आजोबांचं निधन. तसबिरींचे जुने व्यापारी, अल्पशा आजाराने, वगैरे. मग एक ओळ: "त्यांच्या पश्चात एकुलती एक मुलगी, जावई व नात आहेत." आणि त्याखाली, भेटायला येणाऱ्यांच्या सोयीसाठी, आमच्या गावातल्या दुकानाचा पूर्ण पत्ता.

मी ते पान परत वाचलं. बारा वर्षं जो पत्ता तो मागत होता तो इथे छापलेला होता. आणि वरच्याच ओळीत त्याला सांगितलं होतं की तू या घरात नाहीस. त्याने ते वाचलं असेल का? दरवर्षी ज्या पेपरात जाहिरात द्यायची तो पेपर माणूस वाचतोच. वाचलं नसतं तर तेरावी जाहिरात आली असती. मजकूर कोणी लिहिला होता हे मला विचारायची गरज नव्हती. आमच्या घरात अक्षर चांगलं एकीचंच.

एक्स-रे काढणाऱ्या माणसाला फिल्म हातात आली की आधी कळतं. पण सांगायचं नसतं. पेशंट तोंडाकडे बघत असतो आणि आपण म्हणायचं, डॉक्टर सांगतील. तीस वर्षं मी त्या एका वाक्याच्या आड सुखाने उभी राहिले. इथे डॉक्टर कोणी नव्हता.

बाईंनी आणखी दोन दिवस घेतले. नाव, ते शहर, लाकूडकाम, एवढ्या तीन गोष्टींवर त्यांनी मामाला गाठलं. तंत्रशाळेत सुतारकाम शिकवायचा. बावीस वर्षांपूर्वी वारला. ती काळी चौकटही त्यांनी मला छापून दिली. वर एका चिठ्ठीवर फोन नंबर. मोठ्या मुलाचं फर्निचरचं दुकान होतं, व्यापाऱ्यांच्या यादीत त्याचा नंबर होता. अकरावी पिढी तोपर्यंत आपली खुर्ची माझ्याकडे वळवून बसली होती. त्यांनी मला कागद ठेवायला स्वतःची प्लास्टिकची फाइल दिली, आणि पिढ्यांबद्दल चकार शब्द काढला नाही.

या धावपळीत आईचं ऑपरेशन होऊन गेलं होतं. भूल द्यायच्या आधी तिने माझा हात दाबून विचारलं होतं, "काही?" आणि मी म्हटलं होतं, "आहे. आधी डोळा होऊ दे." त्या एका 'आहे'वर ती आत गेली. आता ती पलंगावर उशीला टेकून बसली होती, एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्या डोळ्याने तसंही तिला फारसं दिसत नाही. म्हणजे मी वाचणार आणि ती ऐकणार. मी फाइलमधली आजोबांची चौकट काढून सगळ्यात खाली घातली.

बारा जाहिराती वाचायला मला बराच वेळ लागला, कारण प्रत्येक वेळी ती म्हणायची, "थांब जरा." अठरा वर्षांची असेल, या ओळीला ती हसली. "अठराव्या वर्षी मी सहा महिने काविळीने आडवी होते," ती म्हणाली, जणू त्याला कळवत होती. मग तिने वर्तमानपत्राचं नाव विचारलं. मी सांगितलं.

ती ताठ बसली. "अगं, ते तर आमच्याकडे गठ्ठ्याने यायचं. रद्दीचं. फ्रेमच्या पाठीला आत घालायला. मोठ्या चित्रांच्या पानाची शाई फोटोला लागते, म्हणून अप्पा सांगायचे, बारीक जाहिरातींचं पान घे. ती पानं निवडून वेगळी काढायचं काम माझं होतं." तिने हात पुढे धरले आणि हवेत एक पान गुळगुळीत केलं. "वाचत कोण बसतंय. आम्ही मापं बघायचो. दादाच्या हाका मी लोकांच्या लग्नाच्या फोटोंमागे ठोकून बसवल्या असतील."

मला वाटलं आता रडेल. पण तिचा चेहरा उजळला होता. "बारा वर्षं," ती म्हणाली. "बघ. आणि मी म्हणत होते, दोन ओळी नाहीत." मग थोड्या वेळाने: "पुढे?"

"पुढचे अंक ग्रंथालयात नाहीत," मी म्हटलं.

खोटं बोलण्यात मी पहिल्यापासून कच्ची. आईने पट्टी नसलेला डोळा माझ्याकडे वळवला. "बारावी कुठल्या वर्षीची?"

मी वर्ष सांगितलं. तिने काही बोटं मोजली नाहीत. बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, ती घेऊन झाली.

"ती ओळ मी लिहिली होती," ती म्हणाली. "एकुलती एक. तुझे बाबा म्हणाले सुद्धा, असं लिहायचं का? मी म्हटलं, असंच लिहायचं. चौदा वर्षं झाली, त्याला आमची आठवण नाही, मग आम्ही का ठेवायची." तिचा आवाज फुटला. "त्याने वाचलं ना गं?"

डॉक्टर सांगतील, असं माझ्या ओठांवर खरोखर आलं. "वाचलं असावं," मी म्हटलं.

आईने मान खाली घातली. पट्टीच्या डोळ्याला रडायची मनाई होती, मी तसं म्हटलंही, आणि तिने हातानेच मला गप्प केलं. तिला तसं पाहून मला माझाच संताप आला. काय गरज होती नसत्या चौकशीची? रागावायला मोकळी असलेली बाई होती ती. मी तिला आयुष्यभराची टोचणी आणून दिली, आणि तीही प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून.

"अजून एक कागद आहे," मी म्हटलं. "पण तू म्हणाली होतीस, तो आहे की नाही ते सांगू नकोस."

"नाही ना तो?"

"नाही. बावीस वर्षं झाली."

"वाच."

मी वाचलं. तंत्रशाळेतील निवृत्त शिक्षक, वय एकोणसत्तर. विद्यार्थ्यांत प्रिय. मग शेवटची ओळ आली, आणि ग्रंथालयात दहा वेळा वाचलेली असूनही ती मी एकेक शब्द सुटा करून वाचली. "त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, चार नातवंडे व धाकटी बहीण असा परिवार आहे."

"परत वाच," आई म्हणाली. " सगळं नको. शेवटचं."

मी परत वाचलं. तिसऱ्यांदा तिने माझ्याबरोबर म्हटलं, पत्नी, दोन मुलगे, सुना, चार नातवंडे, आणि तिथे थांबली. पुढचे दोन शब्द तिला माझ्याकडूनच ऐकायचे होते.

"मी नाही म्हणून छापलं," ती म्हणाली, "आणि त्याने मला धरलं."

"त्याच्या मुलांनी दिलेलं आहे ते. म्हणजे तो घरात सांगत असणार."

"मुलं," आई म्हणाली. तिने पदराने नाक पुसलं. "त्यांचा नंबर आहे?"

"आहे. पण आत्ता दुपारचे दोन वाजलेत, झोपले असतील. संध्याकाळी—"

"मी चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. त्यांची झोप व्हायची वाट बघू?"

मी नंबर लावला आणि फोनचा आवाज मोठा करून पलंगावर ठेवला. चार रिंगा झाल्या. पाचव्याला एका वयस्कर पुरुषाने उचलला, मागे करवत चालल्याचा आवाज. "बोला."

आईने घसा साफ केला. सरावाचं एकही वाक्य तिच्याजवळ नव्हतं. "मी," ती म्हणाली, "मी तुझ्या वडिलांची धाकटी बहीण बोलतेय."

पलीकडे करवत बंद झाली. आई माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता तो म्हणणार, राँग नंबर, किंवा म्हणणार, इतकी वर्षं कुठे होतात. मी फोन उचलून मधे बोलायच्या बेतात होते.

तेवढ्यात तो माणूस फोन तोंडापासून लांब न धरताच ओरडला, "अगं ए, सगळे बाहेर या! आत्याचा फोन आलाय!"

दारं वाजली, चपला घासल्या, खूप पावलं जवळ आली. कोण आत्या, असं आतून कोणीही विचारलं नाही.